कपाळावरचं गोंदण आणि दारावरचा बाउन्सर

२०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात एका तरुणीला नाइटक्लबच्या दारावरून परत पाठवण्यात आलं. कारण दारू नव्हे, वय नव्हे, कपडेही नव्हेत. कारण तिच्या चेहऱ्यावर होतं: काळ्या रेषांची बारीक नक्षी.

तिचं घराणं पापुआ न्यू गिनीच्या मोटू लोकांपैकी. पोर्ट मोर्स्बीच्या आसपासच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या या समाजात बायकाच बायकांना गोंदत. काजळी पाण्यात कालवायची, काट्याचं टोक तिच्यात बुडवायचं आणि लहानशा काठीने हलके ठोके देत रेषा कातडीत उतरवायच्या. मुलगी लहान असताना सुरू झालेलं हे काम लग्नापर्यंत टप्प्याटप्प्याने पुरं होई. अंगावरची नक्षी पाहून बाई आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे जाणकाराला कळे. १८७०च्या दशकात लंडन मिशनरी सोसायटीची माणसं तिथे पोचली आणि पुढे ही प्रथा मागे पडत गेली. अलीकडे काही तरुण मुली ती पुन्हा अंगावर घेऊ लागल्या आहेत. ब्रिस्बेनची तरुणी त्यांच्यापैकी एक.

क्लबचं म्हणणं थोडक्यात असं, की डोक्यावर किंवा चेहऱ्यावर गोंदलेल्या कुणालाच आम्ही आत घेत नाही. नियम सगळ्यांना सारखा. या नियमाचं मूळ म्हणून क्वीन्सलँड राज्याच्या कायद्याकडे बोट दाखवलं गेलं. तेव्हा तो कायदाच उघडून पाहावा.

क्वीन्सलँडच्या १९९२च्या मद्य कायद्यात २०१३ साली काही कलमं घातली गेली. त्यांनुसार दारूचा परवाना असलेल्या जागेत सरकारने गुन्हेगार म्हणून जाहीर केलेल्या २६ मोटरसायकल टोळ्यांची नावं किंवा चिन्हं असलेला कपडा, दागिना किंवा तत्सम वस्तू अंगावर बाळगणं हा गुन्हा ठरला. अशा माणसाला जाणूनबुजून आत घेणारा परवानाधारक आणि त्याचे नोकरही दोषी. कपडा, दागिना, वस्तू. या यादीत कातडीवरचं गोंदण नाही. आणि चिन्हं हवीत ती ठरावीक टोळ्यांची. मोटू बायकांच्या रेषांचा त्या टोळ्यांशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे कायद्याने एक छोटं कुंपण घातलं होतं आणि क्लबने ते आपल्या सोयीने बरंच पुढे सरकवून घेतलं.

असं का झालं, ते समजायला या टोळ्यांकडे थोडं वळायला हवं. हेल्स एंजल्स, बँडिडोज, कोमॅन्चेरो, रेबेल्स, फिंक्स ही नावं ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. बिनबाह्यांचं चामडी जाकीट आणि त्याच्या पाठीवर शिवलेलं टोळीचं चिन्ह हा त्यांचा गणवेश. एका टोळीचे चारजण ते जाकीट घालून बारमध्ये बसले, की ही जागा आमची असं त्यांनी न बोलता सांगितलेलं असतं. दुसऱ्या टोळीचं जाकीट दारातून आत आलं, की ते आव्हान ठरतं. या मंडळींच्या अंगावर ‘एक टक्का’ अशीही खूण दिसते. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटरसायकलवाल्यांनी धुडगूस घातला, तेव्हा अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने ‘नव्व्याण्णव टक्के लोक सभ्य आहेत’ असं म्हटल्याची आख्यायिका आहे. उरलेला एक टक्का आम्ही, असं टोळ्या अभिमानाने सांगू लागल्या. गंमत म्हणजे असं विधान केल्याची नोंद आपल्याकडे सापडत नाही, असं खुद्द ती संघटना सांगते!

गंमत इथेच संपते. २ सप्टेंबर १९८४ रोजी, ऑस्ट्रेलियात त्या दिवशी फादर्स डे होता, सिडनीच्या मिल्पेरा भागातल्या व्हायकिंग टॅव्हर्न या दारूच्या गुत्त्याच्या वाहनतळावर कोमॅन्चेरो आणि बँडिडोज या दोन टोळ्या समोरासमोर आल्या. सात माणसं मेली. त्यांतली एक चौदा वर्षांची मुलगी होती, तिचा कोणत्याच टोळीशी संबंध नव्हता. २००९च्या मार्चमध्ये सिडनी विमानतळाच्या टर्मिनलमध्ये, प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, हाणामारीत एकाचा जीव गेला. आणि २७ सप्टेंबर २०१३ रोजी गोल्ड कोस्टवरच्या ब्रॉडबीच भागात, रेस्टॉरंटं भरलेली असताना, बँडिडोजच्या जमावाने रस्त्यावर राडा केला. नंतर ही मंडळी थेट पोलीस ठाण्यासमोर जाऊन उभी राहिली. सरकारची अब्रूच गेली. तीन आठवड्यांच्या आत क्वीन्सलँडच्या विधिमंडळाने रात्री जागवून कायद्यांचा एक गठ्ठा मंजूर केला. मद्य कायद्यातली ती कलमं याच गठ्ठ्यातली. टॅटूची दुकानं चालवायला परवाना लावणारा कायदाही त्यातच होता, कारण यातली बरीच दुकानं टोळ्यांच्या हातात आहेत, असा पोलिसांचा दावा होता. तसा कायदा न्यू साउथ वेल्सने एक वर्ष आधीच केला होता.

आता दारावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. शनिवारची रात्र, अपुरा उजेड, समोर लांब रांग. सव्वीस टोळ्यांची चिन्हं, त्यांचे आकडे, त्यांची संक्षिप्त रूपं त्याने ओळखावीत अशी अपेक्षा. हेल्स एंजल्स कधी नाव लिहीत नाहीत, नुसतं ८१ लिहितात. इंग्रजी वर्णमालेत त्यांच्या नावाची आद्याक्षरं आठवी आणि पहिली येतात म्हणून. बाउन्सरला हे ठाऊक असेल किंवा नसेल. चूक झाली तर मालकाचा परवाना पणाला. तेव्हा मालक सर्वांत स्वस्त उपाय करतो: मानेवर, चेहऱ्यावर, काही ठिकाणी हातावरही, गोंदण दिसलं की नको. ओळखायला डोकं लागत नाही, वाद घालायला जागा राहत नाही. सिडनी आणि गोल्ड कोस्टच्या काही ठिकाणांच्या प्रवेशाच्या अटींत हे वाक्य चपला आणि बनियनबरोबर सहज बसून गेलेलं दिसतं.

मालकाची बाजू पूर्ण पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. टोळीतलं गोंदण ही खरोखरच हौसेची गोष्ट नसते. टोळीचं चिन्ह गोंदवण्याचा अधिकार मिळवावा लागतो आणि ते चिन्ह टोळीच्या मालकीचं समजलं जातं. टोळीतून हाकललेल्या माणसाच्या अंगावरचं चिन्ह काळं करून टाकतात, कधी त्याहून क्रूर रीतीने उतरवतात. जाकिटावर बंदी आली तर तेच चिन्ह गळ्यावर मिरवणारा माणूस जाकिटाचं काम गळ्याकडून करून घेतो, हे मान्यच करायला हवं.

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने नेमकं हेच धरलं. २०२१च्या तिथल्या कायद्याने ४६ टोळ्यांची यादी केली आणि त्यांची चिन्हं सार्वजनिक जागी दाखवायला बंदी घातली. चिन्हांत गोंदणाचाही स्पष्ट समावेश केला. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि १२,००० डॉलरपर्यंत दंड. गोंदण आधीचं आहे ही सबब चालत नाही, ते झाका. मग राज्याची राजधानी पर्थमध्ये दांडगे गडी गळ्यावर मेकअप थापून किंवा चिकटपट्ट्या लावून हिंडू लागले. हसू येईल असं दृश्य खरं, पण या कायद्यात एक शिस्त आहे, ती नजरेआड करू नये. यादी निश्चित आहे. त्या यादीबाहेरच्या गोंदणाला हा कायदा हात लावत नाही. आजीच्या नावाचं, देवाचं, फुलाचं गोंदण त्याच्या कक्षेतच येत नाही.

शेजारच्या न्यूझीलंडने उलट वाट धरली. तिथल्या २०२४च्या टोळीविरोधी कायद्याने २१ नोव्हेंबर २०२४ पासून सार्वजनिक जागी टोळ्यांची चिन्हं वापरायला बंदी आली. गोंदण मात्र जाणीवपूर्वक वगळलं. खरं तर बंदीची निकड तिथे जास्त वाटावी, कारण मॉन्ग्रेल मॉब या टोळीचे काही लोक अख्खा चेहरा टोळीच्या चिन्हांनी भरून घेतात. तरीही वगळलं, कारण न्यूझीलंडमध्ये चेहऱ्यावरचं गोंदण म्हणजे आधी माओरींचं ‘मोको’. हे मोको पूर्वी ‘उही’ नावाच्या छिन्नीने कातडीत अक्षरशः कोरत आणि त्यात माणसाची वंशावळ असे. नानाया महुता या खासदार बाईंनी २०१६ साली हनुवटीवर मोको घेतलं. संसदेत असं मोको मिरवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०२० साली त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. ब्रिस्बेनच्या त्या क्लबचा नियम अक्षरशः पाळायचा ठरवला, तर शेजारच्या देशाची माजी परराष्ट्रमंत्रीही दारातूनच परतली असती.

पण नियम चुकीचा वाटणं वेगळं आणि बेकायदा असणं वेगळं. खासगी जागेच्या मालकाला कुणाला आत घ्यायचं ते ठरवता येतं, हा इंग्रजी कायद्याच्या परंपरेतला जुना समज. विसाव्या शतकात त्याला अपवाद जोडले गेले: वंश, धर्म, लिंग, अपंगत्व अशा ठरावीक कारणांवरून नकार देता येणार नाही. बाकी कारणांना रान मोकळं. जोडे घाण आहेत, टोपी उलटी घातली आहे, गळ्यावर विंचू गोंदलाय, चालतं. ब्रिटनने तर या बाबतीत शंकेला जागाच ठेवली नाही. तिथल्या समता कायद्यानुसार चेहऱ्याची गंभीर विद्रूपता अपंगत्वात मोडते. गोंदण त्यात धरू नये, हे मात्र २०१०च्या नियमावलीत मुद्दाम लिहून ठेवलं आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या २०१०च्या कायद्यात ‘शारीरिक वैशिष्ट्यं’ हा वेगळा आधार असल्याने तिथे भांडायला थोडी जमीन आहे. क्वीन्सलँडमध्ये ती नाही.

मोटू किंवा माओरी बाईची गोष्ट मात्र वेगळी. ऑस्ट्रेलियाच्या १९७५च्या वांशिक भेदभावविरोधी कायद्यात असा युक्तिवाद करता येतो, की नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा मार एका वंशाच्या लोकांवर जास्त बसतो आणि तो नियम वाजवीही नाही. सिडनीच्या पोराने हौसेने गळ्यावर गुलाब काढला, तर त्याने पर्याय निवडला. जिच्या समाजात चेहऱ्यावरची रेषा म्हणजे कूळ, तिला ‘नियम सगळ्यांना सारखा’ असं सांगणं म्हणजे शाकाहाऱ्यांच्या पंगतीत फक्त मटण वाढून सगळ्यांना एकच ताट दिलं म्हणण्यासारखं आहे.

कातडी पाहून चारित्र्य वाचण्याची ही खोड आली कुठून? मला वाटतं, गुन्हेगारांनी स्वतःला गोंदायच्या कितीतरी आधी सरकारांनी त्यांना गोंदलं. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जपानमध्ये मिळतो. तिथे आजही गोंदण पाहून माणसाला अडवतात, बारपेक्षा गरम पाण्याच्या झऱ्यांवर जास्त.

तोकुगावा राजवटीत १७२०च्या सुमाराला आठवा शोगुन योशिमुने याच्या काळात नाक-कान कापण्याच्या शिक्षेऐवजी गोंदण्याची शिक्षा रूढ झाली. चोराच्या दंडावर किंवा मनगटाजवळ काळे पट्टे काढत. पट्ट्यांची संख्या आणि जागा प्रांताप्रांतात वेगळी, त्यामुळे हा कुठे पकडला गेला होता तेही कळे. एका प्रांतात तर दर गुन्ह्याला एकेक फटकारा देत कपाळावर ‘कुत्रा’ ही चित्रलिपीतली खूण पुरी करत. अशी माणसं मग ते पट्टे लपवायला त्यांच्यावर मोठी नक्षी काढून घेऊ लागली. त्याच सुमाराला शहरांतल्या कष्टकऱ्यांत, विशेषतः आग विझवणाऱ्या दलांत, पाठभर ड्रॅगन आणि मासे गोंदवण्याची हौस वाढली. १८२७ पासून कुनियोशी या चित्रकाराने ‘सुइकोदेन’ या कथेतल्या बंडखोर नायकांची ठसाचित्रं काढली, त्यांतले काही अंगभर गोंदलेले. ती हातोहात खपली आणि लोकांनी ती चित्रं आपल्या पाठीवर उतरवून घेतली.

मग मेइजी सरकार आलं. पाश्चात्त्यांपुढे आपण रानटी दिसू नये म्हणून त्याने आधी शिक्षेचं गोंदण बंद केलं आणि १८७२ साली हौसेचंही. त्याच भरात होक्काइदो बेटावरच्या आदिवासी ऐनू बायकांच्या ओठांभोवतालच्या गोंदणावर १८७१ मध्ये आणि ओकिनावाच्या बायकांच्या हातावरच्या गोंदणावर १८९९ मध्ये बंदी आली. पाश्चात्त्यांना काय वाटेल म्हणून हा सगळा खटाटोप. आणि पाश्चात्त्य काय करत होते? इंग्लंडचा राजपुत्र, पुढे पाचवा जॉर्ज झालेला, १८८१ साली जपानला आला तेव्हा हातावर ड्रॅगन गोंदवून गेला. रशियाचा युवराज निकोलस १८९१ साली नागासाकीत तेच करून गेला. बंदी झाली ती घरच्यांना.

बंदी १९४८ साली, अमेरिकन ताब्याच्या काळात उठली. तोवर पाऊणशे वर्षं गोंदण चोरीछुपेच चाललं होतं. जे चोरून चालतं ते कायद्याबाहेरच्यांच्या हाती जातं. याकुझा टोळ्यांनी पाठभर गोंदण आपली खूण करून टाकली आणि १९६०च्या दशकातल्या याकुझा सिनेमांनी ती घराघरांत पोचवली. पुढच्या दशकांत स्नानगृहं, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा यांच्या दारांवर ‘गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लागत गेल्या. ‘याकुझांना प्रवेश नाही’ असं लिहायची हिंमत नसलेल्या मालकाला ही पाटी सोयीची. इथेही तोच हिशेब: माणूस ओळखणं अवघड, कातडी ओळखणं सोपं.

जपान पर्यटन संस्थेने २०१५ साली केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या सुमारे ६०० हॉटेलांपैकी ५६ टक्क्यांनी गोंदलेल्यांना सामायिक स्नानगृहात घेत नसल्याचं सांगितलं. ३१ टक्के घेत होते, १३ टक्के झाकलं तर घेत होते. ज्यांच्यासाठी या पाट्या, त्या याकुझांची संख्या १९६३च्या सुमाराला एक लाख ऐंशी हजारांच्या वर होती. २०२३ अखेर ती सुमारे २०,४०० उरली. त्यातले शहाणे हल्ली गोंदवतच नाहीत. पाटी तशीच.

होक्काइदोत २०१३ साली जे घडलं, त्यात हे सगळे धागे एकत्र येतात. न्यूझीलंडहून एक माओरी अध्यापिका ऐनू लोकांच्या निमंत्रणावरून आदिवासी भाषांच्या परिषदेला आल्या होत्या. त्यांच्या हनुवटीवरचं मोको पाहून एका स्नानगृहाने त्यांना आत घेतलं नाही. ज्या बेटावर ऐनू बायकांचं गोंदण सरकारने पुसलं, तिथेच दुसऱ्या आदिवासी बाईला तिच्या गोंदणापायी अडवलं गेलं. तेव्हाचे मुख्य मंत्रिमंडळ सचिव आणि पुढे पंतप्रधान झालेले योशिहिदे सुगा यांना यावर पत्रकारांना उत्तर द्यावं लागलं. परदेशी संस्कृतीचा मान राखायला हवा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. २०१७ साली मंत्रिमंडळाने संसदेतल्या प्रश्नाला दिलेल्या लेखी उत्तरात आणखी स्पष्ट केलं, की केवळ गोंदण आहे म्हणून सार्वजनिक स्नानगृहाच्या कायद्याखाली कुणाला नाकारता येत नाही. त्या कायद्यातला नकार संसर्गजन्य रोगासारख्या कारणांसाठी आहे. तरी प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही, कारण मालकाने स्वतःच्या अटी म्हणून नकार दिला तर त्याला अडवणारंही काही नाही. २०१९च्या रग्बी विश्वचषकात सामोआच्या खेळाडूंनी तलावात उतरताना गोंदण झाकणारे तंग अंगरखे घातले, ते आयोजकांनी आधीच सूचना दिली होती म्हणून.

आपल्याकडे वळताना आधी बंगालकडे पाहायला हवं. १७९७ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदत, स्थानिक भाषेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता यावा म्हणून. हीच शिक्षा पुढे मद्रास इलाख्यातही गेली. यासाठी कंपनीने जी कला उचलली ती इथल्या बायाबापड्यांच्या गोदण्याची. नावही तेच ठेवलं, ‘गोदना’. कैदी मग पागोटं भुवयांपर्यंत ओढून घेत किंवा केस कपाळावर सोडत. १८४९ साली हा प्रकार बंद झाला. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी यावर बारकाईने काम केलं आहे. पर्थमध्ये गळ्यावर मेकअप थापणारा दांडगा गडी आणि भुवयांपर्यंत पागोटं ओढणारा कैदी यांच्यात दोन शतकांचं अंतर आहे. फरक एवढाच, की पहिल्याने खूण स्वतः काढून घेतली होती.

महाराष्ट्रात ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढची आजी आहे, त्यांनी तिचं कपाळ, हनुवटी आणि मनगट आठवावं. भुवयांमधला ठिपका, हनुवटीवरचे एक-दोन, हातावर तुळशीवृंदावन किंवा राम-सीतेची खूण. बाजाराच्या दिवशी गोंदणारीण येई, सुया एकत्र बांधलेल्या असत, रंग काजळीचा. मेल्यावर दागिने इथेच राहतात, सोबत येतं ते गोंदण, असं बायका मानत. मोटू बायकांची रीत आणि ही रीत यांत समुद्राचं अंतर आहे, पण साधन तेच आणि हात बायकांचेच. कपाळावर ठिपके असलेली आपली एखादी आजी नातवाला भेटायला ब्रिस्बेनला गेली आणि नातवाने हट्टाने तिला त्या क्लबच्या दारापर्यंत नेलं, तर अक्षरशः पाळल्यास हा नियम तिलाही लागू होतो. सरसकट नियमाची पारख अशीच करावी: तो ज्यांच्यासाठी केलाच नव्हता, अशा किती लोकांना तो अडवतो.

भारतात गोंदणावरून बारच्या दारात अडवलं जाणं क्वचित. मुंबई-पुण्यात आणि गोव्यात पेला भरून देणाऱ्याचाच हात मनगटापासून खांद्यापर्यंत रंगलेला असतो. आपल्या दारांना वेगळ्या गोष्टी खुपतात. पायात चपला, एकटा पुरुष, धोतर. एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून मुंबईतल्या विलिंग्डन क्लबने आत घेतलं नव्हतं. २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून अडवलं, तेव्हा तमिळनाडू सरकारने काही आठवड्यांत कायदाच केला: भारतीय पोशाखावरून प्रवेश नाकारला तर परवाना रद्द, एक वर्षापर्यंत कैद, २५,००० रुपये दंड. ‘राइट ऑफ अ‍ॅडमिशन रिझर्व्ड’ ही पाटी म्हणजे कायदा नव्हे, हे त्या निमित्ताने लोकांना कळलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) नुसार दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. पाटीचा हक्क त्यानंतर सुरू होतो. गोंदण या पाचांत नाही. एखाद्या आदिवासी समाजाचं गोंदण पाहूनच नकार दिला, तर मात्र तो वंशावरून किंवा जन्मस्थानावरून दिलेला नकार आहे, असं म्हणता येईल.

आणि असा भेद करणं काही अशक्य नाही. भारतीय सैन्याची भरती पाहा. तिथे गोंदणाची जागा ठरलेली आहे: कोपर ते मनगट हाताची आतली बाजू आणि तळव्याची मागची बाजू. याबाहेर गोंदण असेल तर उमेदवार बाद. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या समाजाच्या रूढीप्रमाणे गोंदणाची सूट आहे. बंदुका हाती देणाऱ्या संस्थेला जर चालीरीतीचं गोंदण आणि बाकीचं गोंदण यांत फरक करता येतो, तर बिअर विकणाऱ्याला का येऊ नये?

मला यात न्यूझीलंडची वाट बरोबर वाटते, आणि ती नको असेल तर निदान पर्थची. टोळीचं नाव घ्या, तिच्या चिन्हावर बंदी घाला, हवं तर ते झाकायला लावा. चेहऱ्यावर शाई दिसली की परत जा, हा नियम सुरक्षिततेचा नसून मालकाच्या आळसाचा आहे, आणि त्याची किंमत मोजतात त्या ज्यांचं टोळ्यांशी काही देणंघेणं नाही अशा बाया.

आता ज्यांची मुलं शिकायला किंवा नोकरीला ब्रिस्बेन, मेलबर्न, ओसाका इथे आहेत किंवा जाणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं. मानेवर किंवा हातावर गोंदण असेल तर बारला जाण्याआधी त्याच्या प्रवेशाच्या अटी वाचाव्यात. बहुतेक ठिकाणी त्या संकेतस्थळावर असतात. दारावर नकार मिळाला तर बाउन्सरशी हुज्जत घालू नये, त्याच्या हातात काही नसतं. व्यवस्थापनाकडे कारण लेखी मागावं. गोंदण समाजाच्या परंपरेतलं असेल, तर ऑस्ट्रेलियन मानवी हक्क आयोगाकडे वांशिक भेदभावाची तक्रार करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत. जपानमध्ये लहान गोंदण झाकायच्या कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या औषधांच्या दुकानांतही मिळतात. गोंदण मोठं असेल तर तासाभरासाठी भाड्याने मिळणारं खासगी स्नानगृह असलेलं हॉटेल निवडावं.